मोताळ्याच्या पोटाचा हिशेब

जानेवारी 2025 मध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले आणि सारा देश जागा झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ गावात उतरले. रक्ताचे नमुने गेले, पाण्याचे गेले, वाहिन्यांचे कॅमेरे आले. हे झाले ते योग्यच झाले. पण आमचा सवाल पुढचा आहे. डोक्यावरचे केस गेले तर दिल्ली हलते. आणि आतड्यातल्या किड्याने पोरीचे रक्त वर्षानुवर्षे शोषले, तिची वाढ खुंटवली, आणि त्याच घरात तिच्या आईला चाळिशीच्या आत शुगरने गाठले, तर तालुक्याचे ठिकाणही हलत नाही. टक्कल दिसते म्हणून दखल, आणि पोटात चाललेली लूट दिसत नाही म्हणून माफी! हा न्याय कुठला?

राजूरचा घाट उतरून खाली आले की मोताळा तालुका लागतो. रोहिणखेड, धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, शेलापूर ही इथली गावे. कपाशी, सोयाबीन, मका ही इथली पिके. निंदणाला, वेचणीला, सोंगणीला शेतात वाकते ती बाई, आणि बहुतेक वेळा अनवाणी वाकते. बांधाच्या आडोशाला, ओढ्याच्या काठाला, पऱ्हाटीच्या उभ्या पिकात जे शौच होते, त्याच्याच मातीत तिचे पाय आणि तिच्या लेकराचे हात दिवसभर असतात. पोटातल्या परजीवींचा कारखाना इथेच चालतो. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ही अंडी मातीत दोन-तीन आठवडे पिकली की संसर्गक्षम होतात, आणि पुढे महिनोन् महिने, अनुकूल मातीत वर्षानुवर्षे, तशीच तग धरतात. आपल्या काळ्या चिकणमातीत अंकुशकृमीची अळी वाळूमिश्र जमिनीइतकी फोफावत नाही हे खरे. पण गोल जंताच्या अंड्याला हीच ओल धरणारी चिकणमाती मानवते, आणि डोंगराच्या पायथ्याची मोकळी, मुरमाड रानेही याच तालुक्यात आहेत. तेव्हा आपली जमीन आपल्याला वाचवील, या भरवशावर कोणी बसू नये.

‘जंतच तं हायेत, त्याले काय होते?’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. काय होते ते ऐका. अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात आणि घशातून आतड्यात उतरते. तिथे ती दातांनी आतड्याला धरून बसते. अँकिलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला साधारण 0.15 ते 0.2 मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो ना? मग शंभर कृमींचा हिशेब करा. दिवसाला 15 ते 20 मिलिलिटर. महिन्याला रक्तपेढीची एक अख्खी पिशवी भरून वर उरेल एवढे. ही पिशवी कोणी दान केलेली नाही. जिला महिन्याची पाळी आहे, जिच्या पोटात मूल आहे, जिच्या ताटात भाजी शेवटी पडते आणि बऱ्याचदा पडतच नाही, तिच्या अंगातून ती निघते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के बालकांत रक्तक्षय सापडला. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात दर तीन लेकरांपैकी दोन लेकरे फिकट! सारा रक्तक्षय जंतांमुळे होत नाही. खाण्यातले लोह कमी, बी-12 कमी, ही कारणेही तितकीच मोठी आहेत. पण ज्या रक्ताची आधीच वानवा आहे त्यातून रोजची चोरी होत असेल तर ती मोजायची नाही काय?

आता दुसरी बाजू पाहा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात 10.1 कोटी माणसांना मधुमेह आणि आणखी 13.6 कोटी माणसे त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. 39.5 टक्के प्रौढांच्या पोटावर चरबीचा थर प्रमाणाबाहेर आहे. हा रोग मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतला, अशी समजूत करून घेऊन आपण पंचवीस वर्षे निजलो. आज घाटाखालच्या कोणत्याही गावात जा. ओसरीवर बसलेल्या चार म्हाताऱ्यांत एकाच्या तरी खिशात शुगरची गोळी निघते, आणि आता ती तिशी-पस्तिशीतल्या ट्रॅक्टरवाल्याच्या खिशातही निघू लागली आहे.

म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांत, एक पोर जंतांनी वाळते आहे आणि तिचा काका शुगरने सुजलेला पाय घेऊन खाटेवर आहे. आणि सरकार काय करते? पोरीच्या जंतासाठी शाळेत एक दिवस, काकाच्या शुगरसाठी उपकेंद्रात दुसरा दिवस. एकाचा कागद एका कपाटात, दुसऱ्याचा दुसऱ्या कपाटात. तिशी ओलांडलेल्यांची कंबर आशाताई फितीने मोजते, फॉर्म भरते. त्यात शौचाची तपासणी नाही. शाळेत जंताची गोळी देतात. तिथे पोराचे वजन, उंची, हिमोग्लोबिन त्याच कागदावर येत नाही. या दोन रोगांचा परस्परांशी काही व्यवहार चालतो, हे कोणाच्या गावीच नाही. आणि तो व्यवहार तर जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा गेली पंधरा वर्षे तपासत आहेत!

तो व्यवहार आम्ही वाचकांना समजावून सांगणार आहोत, कारण तो समजल्याशिवाय आमचा संताप समजणार नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे गावचा जागल्या. चोर दिसला की त्याने काठी घेऊन धावायचे. जंत हा असा चोर की जो आत शिरताच जागल्याला हळूहळू गुंगी देतो, कारण त्याला त्याच घरात वर्षानुवर्षे राहायचे असते. तो अशी रसायने सोडतो की शरीराची दाहक लढाई मंदावते आणि शांत करणाऱ्या पेशींचे बळ वाढते. दुसरीकडे, पोटावर चरबी साचली की हाच जागल्या चवताळतो आणि घरच्याच माणसांवर काठी चालवतो. चरबीत शिरलेल्या दाहक पेशींच्या स्रावांमुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनला जुमानेनासे होतात आणि रक्तात साखर चढते. आता गुंगीतला जागल्या चोराला पकडत नाही, तसा घरच्यांनाही मारत नाही. एवढीच या गूढाची किल्ली आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की चरबीत राहणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पेशी साखरेचा तोल सांभाळतात; आणि इओसिनोफिल वाढवण्यात कृमींइतका पटाईत दुसरा कोणी नाही. कृमींचा संसर्ग केलेल्या, चरबीयुक्त खाद्यावर पोसलेल्या उंदरांत साखर जास्त चांगली जिरली.

हे उंदरांपुरते राहिले नाही. 2010 मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी शहरातल्या लोकांचे रक्त तपासले. मधुमेह नसलेल्यांत हत्तीरोगाच्या कृमीचा संसर्ग सुमारे दहा टक्क्यांत आढळला. जुन्या मधुमेहींत तो निम्म्याहूनही कमी होता. चेन्नईच्याच दुसऱ्या एका गटाने स्ट्राँगिलॉइडिस कृमी असलेले मधुमेही पाहिले. त्यांच्या रक्तात दाहाची रसायने कमी होती आणि कृमीवर औषध दिल्यावर ती वाढली. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर वर्षभर घरोघर जंताचे औषध वाटले. एकूण लोकसंख्येत फरक पडला नाही, पण ज्यांच्या पोटात खरोखर कृमी होते आणि ते गेले, त्यांचे शरीर इन्सुलिनला पूर्वीपेक्षा कमी दाद देऊ लागले. ऑस्ट्रेलियात तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या थोड्या माणसांच्या अंगात मुद्दाम अंकुशकृमीच्या मोजून वीस अळ्या सोडल्या, आणि वर्षानंतर त्यांच्या इन्सुलिनचे काम सुधारलेले दिसले.

हे वाचून कोणी टाळ्या पिटील आणि म्हणेल, मग जंत राहू द्या, ते तर शुगरपासून वाचवतात! अशा माणसाला आम्ही भर चौकात विचारू: तुझ्या लेकीच्या पोटात ठेवतोस का? ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतल्या वीस अळ्या म्हणजे मोताळ्याच्या शिवारातले जंत नव्हेत. तिथे सुदृढ, पोटभर जेवणारा, लिहून संमती दिलेला प्रौढ आहे, डॉक्टर त्याच्या तब्येतीवर नजर ठेवून आहेत, आणि नकोसे झाले तर औषध हाताशी आहे. इथे दोन वर्षांचे पोर आहे, ज्याला कोणी विचारले नाही. ज्या गुंगीने दाह कमी होतो त्याच गुंगीने लसीला मिळणारा प्रतिसादही काही वेळा मंदावतो. गरिबाच्या अंगातला कृमी त्याला मधुमेहापासून वाचवतो म्हणून तो तिथेच राहू द्यावा, असा विचारही ज्याच्या मनात येईल, त्याला आम्ही गरिबाचा वैरी समजतो. चोरापासून आपल्याला फायदा होतो म्हणून कोणी चोर पोसत नाही. संशोधकांचा हेतूही तो नाही. जंत ज्या रेणूंनी दाह शमवतात ते रेणू ओळखून त्यांचे औषध करावे, एवढाच त्यांचा शोध आहे.

पण या शोधातून एक गोष्ट सरळ निघते आणि ती आमच्या राज्यकर्त्यांनी कान उघडून ऐकावी. जंत काढल्यावर तुम्ही त्या शरीराला कशाच्या हवाली करता, हा प्रश्न जंत काढण्याइतकाच मोठा आहे. आतडे मोकळे झाले, भूक लागली, अन्न अंगी लागू लागले, वजन वाढू लागले. हे सारे आम्हाला हवेच आहे. पण त्या भुकेच्या तोंडी जर पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा, पाम तेलात तळलेले पदार्थ, चार चमचे साखरेचा चहा आणि रेशनचा पांढरा तांदूळच पडणार असेल, तर एक दावण सोडून दुसऱ्या दावणीला बांधल्यासारखेच झाले. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा हे आपल्या भागाचे रोजचे जेवण होते. सोयाबीन आले आणि शेतातली ज्वारी हटली. ज्वारी हटली आणि भाकर पाहुणी झाली. या बदलाचा दोष शेतकऱ्यावर टाकण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. भाव सोयाबीनला मिळत होता म्हणून त्याने सोयाबीन पेरले. पण शालेय पोषण आहार, अंगणवाडीचा आहार, रेशनचे दुकान ही तिन्ही शासनाच्या हातातली साधने आहेत, आणि त्या तिन्हीत तालुक्यातल्या शेतकऱ्याची ज्वारी आणि डाळ आणायला कोणी हात धरला आहे?

आणि इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आठवल्याशिवाय राहवत नाही. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायका आणि त्यांची मुले पिढ्यांगणिक मोजली. आपले बाळ जन्मते ते सरासरी 2.7 किलोचे, इंग्रज बाळ 3.5 किलोचे. हाडे, मांस, पोटातले अवयव सारे आपल्या बाळाचे लहान. पण चरबी मात्र त्या मानाने शाबूत! वरून वाळके, आतून चरबीचे. डॉ. याज्ञिकांनी इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्याबरोबर स्वतःचे अंग मोजून घेतले, तेव्हा दोघांचाही बांधा मोजणारा आकडा एकच, 22.3, आणि शरीरातली चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के आणि पुणेकराची 21.2 टक्के. 2004 साली हे फोटोसह जगासमोर आले. म्हणून म्हणतो, मोताळ्याच्या वाळक्या माणसाला ‘तुला कशाची शुगर, तू तर काडीसारखा’ असे सांगून परत पाठवणे हा अपराध आहे. आईच्या पोटात ज्याला कमी मिळाले, ज्याच्या आईचे रक्त कमी, बी-12 कमी, त्याचे शरीर काटकसरीला सरावून जन्मते. लहानपणी जंत आणि हगवण त्याचे उरलेसुरले ओढतात. पुढे पंचविशीत चार पैसे हातात आले, गाडी आली, शेतात चालणे थांबले, आणि ज्या शरीराने कधी भरपेट पाहिलेच नाही त्याच्यावर साखर कोसळली. हा क्रम एका आयुष्याचा आहे, आणि सरकारी खात्यांनी त्याचे तुकडे करून वाटून घेतले आहेत.

आता जंताच्या गोळीविषयी. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. 10 फेब्रुवारी हा त्याचा दिवस; जिथे प्रादुर्भाव जास्त तिथे 10 ऑगस्टला दुसरी फेरी. 1 ते 19 वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोल, दोन वर्षांवरच्यांना 400 मिलिग्रॅम, त्याखालच्यांना निम्मी. हा उपक्रम चांगला आहे, त्यातल्या अंगणवाडी ताई आणि शिक्षक मनापासून राबतात, आणि पालकांनी गोळी चुकवू नये असे आम्ही बजावून सांगतो. पण एकोणीस वर्षे पूर्ण झाली की जंत काय रजा घेतात? विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जी बाई अनवाणी निंदते, तिला ही गोळी कोण देते? गर्भार झाली तर तिसऱ्या महिन्यानंतर एकदा मिळते. गर्भार नसेल तर तिच्या पोटापर्यंत गोळी सहसा पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांनाही जंतनाशक द्या म्हणून सांगते. पोराला गोळी, आईला काही नाही. आणि दोघे एकाच मोरीत हात धुतात, एकाच मातीत बसतात. पोराचे पोट रिकामे झाले तरी अंगणात अंडी तयारच आहेत. जगभरच्या अभ्यासांची बेरीज सांगते की गोळीनंतर वर्षभरात गोल जंताचा संसर्ग जवळजवळ जुन्या पातळीला परत येतो. चाबूककृमी या दुसऱ्या जातीच्या कृमीवर तर एका गोळीचा परिणाम फारसा होतच नाही. उत्तर प्रदेशात दहा लाख लहान मुलांना वर्षानुवर्षे दर सहा महिन्यांनी गोळी देऊन पाहिली. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा मृत्यूत आणि वजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. गोळी वाईट म्हणून नव्हे. माती, पाणी आणि ताट होते तसेच राहिले म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याहून भयंकर गोष्ट सांगायची राहिली आहे. स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचे नाव आम्ही वर घेतले. तो माणसाच्या पोटातच स्वतःची पैदास पुन्हा पुन्हा करतो आणि दशकानुदशके तिथेच राहतो. अल्बेंडाझोलच्या एका गोळीने तो भरवशाने जात नाही. त्याला आयव्हरमेक्टिन लागते. एरवी तो निपचित असतो. पण माणसाला स्टेरॉइड दिले की शरीराची राखण मोडते आणि अळ्या आतडे फोडून फुप्फुसात, रक्तात, मेंदूपर्यंत पसरतात. त्यातून माणूस दगावतो. आणि आपल्या खेड्यांत स्टेरॉइड कोण देतो? गुडघे दुखतात, दम लागतो, अंगात ताकद नाही, म्हणून ‘ताकदीची सुई’ मागणाऱ्या म्हातारीला पन्नास-शंभर रुपयांत सुई टोचणारा बोगस डॉक्टर देतो. त्या सुईने दुखणे एका रात्रीत पळते, म्हणून लोक त्याला देव मानतात. त्याच सुईने साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, कंबर फुगते, क्षय जागा होतो, आणि पोटातला निद्रिस्त कृमी सुटतो. परजीवी, प्रतिकारशक्ती आणि मधुमेह या तिघांची गाठ एका सिरिंजमध्ये बांधून विकणारे हे लोक गावात उजळ माथ्याने फिरतात, आणि त्यांची तक्रार करायला गावातला एकही पुढारी धजत नाही, कारण मतदानाच्या आदल्या रात्री तेच लोक कामाला येतात. आम्ही हे नाव न घेता लिहितो आहोत, पण ज्याला लागायचे त्याला लागू दे!

गोदरीचा विषय काढला की माणसे नाक मुरडतात. शौचाविषयी अग्रलेखात कशाला, असेही कोणी म्हणेल. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, त्या वऱ्हाडात घाणीविषयी बोलायची लाज वाटते हीच खरी लाजिरवाणी गोष्ट आहे. 2000 साली त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पहाटे शिट्ट्या वाजवत गुड मॉर्निंग पथके फिरली, टमरेल घेऊन जाणाऱ्या बायकांचे फोटो काढले गेले. त्या अपमानाने शौचालय वापरायची गोडी लागेल, असे ज्यांना वाटले त्यांनी माणसाचे मन ओळखलेच नाही. 2018 मध्ये सारा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. कमानी उभ्या राहिल्या, फलक लागले. त्या फलकाच्या मागे जा. सरपण, कडबा, युरियाची रिकामी पोती यांनी भरलेली शौचालये कोणाला पाहायची असतील तर त्याने आमच्याबरोबर यावे. पाणी नसेल तर कोणती बाई दोन हंड्यांतला एक संडासात ओतील? वैनगंगेचे पाणी 426 किलोमीटर कालव्याने आणून आपल्या नळगंगेला मिळवायची हजारो कोटींची योजना आखली गेली आहे. येऊ दे, आम्ही स्वागतच करू. पण ते येईपर्यंत शेतात राबणाऱ्या बायांसाठी बांधावर आडोसा, शाळेत मुलींच्या शौचालयात पाण्याची तोटी आणि हात धुवायला साबण, यासाठी कोणत्या नदीजोडची वाट पाहायची?

आणि आमच्याच घरातल्या समजुतींनाही हात घातला पाहिजे. गोड खाल्ल्याने जंत होतात, असे आपली आजी सांगते आणि आईही सांगते. गुळाने किंवा साखरेने जंत होत नाहीत. जंत होतात ते मातीतल्या अंड्यांनी, न धुतलेल्या हाताने, न धुतलेल्या मुळ्या-गाजराने. झोपेत दात खाणारे पोर, गालावर पांढरे चट्टे असलेले पोर, यांना जंतच असतात असेही नाही. ही समजूत सोडली पाहिजे, कारण तिच्यामुळे माती विसरली जाते. पण म्हणून पोराच्या हातात चॉकलेट आणि बिस्किटाचा पुडा देऊन मोकळे होऊ नका; साखर जंत करीत नाही, ती जे करते ते आपण वर वाचले आहे. वावडिंग, पळसपापडी हे आपल्या वाडवडिलांचे जंताचे उपाय होते, त्यांचा आम्ही अवमान करीत नाही. पण आज खात्रीची, तपासलेली, फुकट मिळणारी गोळी असताना अमावास्या-पौर्णिमेचा मुहूर्त पाहून पोराला ताटकळत ठेवणे हे शहाणपण नव्हे.

कोणी म्हणेल, हे युरोप-अमेरिकेला जमते, आपल्याला कसे जमणार? मग दक्षिण कोरियाकडे पाहा. 1963 मध्ये तिथल्या जोन्जू शहराच्या रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पोटातून 1063 जंत निघाले आणि ती मुलगी गेली. तो देश तेव्हा आपल्यासारखाच गरीब, युद्धाने मोडलेला. पण त्याने ती लाज पचवली नाही. 1964 मध्ये परजीवी निर्मूलनाची संघटना उभी केली, 1966 मध्ये कायदा केला, आणि शाळाशाळांतून वर्षातून दोनदा प्रत्येक पोराचा शौचाचा नमुना तपासला. 1971 मध्ये शंभरांत 84 माणसांच्या पोटात परजीवींची अंडी होती. 1992 मध्ये चारहून कमी. त्यांनी मोजले म्हणून ते जिंकले. आणि आपण तरी काय कमी केले आहे? म्हाताऱ्या माणसांना नारू आठवतो. पायातून हळूहळू काडीवर गुंडाळत काढावा लागणारा तो हातभर धागा. नारूवर ना लस होती, ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी गाळून प्यायलो, रुग्ण शोधून काढले. 1996 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. महाराष्ट्र त्या लढाईतला एक मोर्चा होता.

म्हणून आमची मागणी मोजण्याची आहे. बुलढाण्याला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना मोताळा तालुक्यातल्या निवडक गावांत पाठवावे, आणि एकाच घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांचा शौचाचा नमुना, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, वजन आणि कंबर एकाच दिवशी, एकाच कागदावर घ्यावी. सूक्ष्मदर्शकाला काही वैनगंगा लागत नाही. रक्तक्षय असलेल्या माणसाची ‘तीन महिन्यांची शुगर’ काढून निदान करताना डॉक्टरांनी सावध राहावे. लोहाची कमतरता असेल तर तो आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसू शकतो, आणि रक्त गेले असेल किंवा लोह सुरू केल्यावर नवे रक्त भराभर बनत असेल तर खालावलेला. आधी रक्त पाहा, मग शुगरचा निकाल द्या. शेतमजूर स्त्रियांना जंतनाशक गोळी शाळेतल्या पोरांबरोबरच द्या, आणि गोळीनंतर सहा महिन्यांनी काही घरांचे नमुने पुन्हा तपासून जंत परतले का ते गावाला सांगा. जंत गेलेल्या पोराचे वजन वाढते तेव्हा त्याची कंबरही मोजा. स्टेरॉइड देण्याआधी, निदान ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल वाढले आहेत त्यांची तरी, स्ट्राँगिलॉइडिस कृमीसाठी तपासणी करा. आणि बोगस सुईवाल्यांवर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी मिळून कारवाई करावी. पुढाऱ्यांच्या फोनची वाट न पाहता.

यातले काही सरकारने करायचे आहे, पण बरेचसे गावाने. 26 जानेवारीला ग्रामसभा भरते, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी 10 फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी वाटली जाते. या दोन तारखांच्या मध्ये सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशाताई यांनी घरोघर जाऊन किती शौचालयांत पाणी आहे आणि किती वापरात आहेत ते बघावे. येत्या 26 जानेवारीच्या सभेत, झेंडावंदनानंतर, प्रत्येक बाईने उभे राहून तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये: आमच्या गावातल्या किती जणांच्या रक्ताची, शुगरची आणि शौचाची तपासणी गेल्या वर्षी झाली? शाळेच्या शौचालयात आज पाणी आहे का? आणि गोळी आम्हाला केव्हा मिळणार?